दमयंतीचं चेडू

सप्टेंबर २०२५ मध्ये दशावतारावरचा तो मराठी सिनेमा आला, दिलीप प्रभावळकरांचा, तेव्हा आमच्या ऑफिसात एकदम सगळ्यांना कोकणाचं प्रेम आलं. कॅन्टीनमध्ये एकीने विचारलं, तू तिकडचीच ना गं, तुमच्याकडे खरंच असतं का हे रात्रभर वगैरे? म्हटलं असतं की, माझे बाबा करायचे. अय्या, कोणता रोल? राणीचा. दमयंती, तारामती, कधीतरी द्रौपदी. टेबल दोन सेकंद गप्प. मग एकजण म्हणाला, वॉव, कूल.

कूल म्हणे. हा शब्द चौथीत असताना कोणी दिला असता तर माझी एक कंपासपेटी वाचली असती, ते पुढे सांगते.

फेमस आईबापांच्या पोरांबद्दल आपण वाचतो ते सगळं हिरो-हिरोइनींच्या पोरांचं नाहीतर क्रिकेटवाल्यांच्या. रोहन गावसकरचंच बघा, पूर्ण नाव रोहन जयविश्व. कन्हायमधला रोहन, जयसिंहामधला जय आणि विश्वनाथमधला विश्व, म्हणजे पाळण्यातच तीन बॅट्समन अंगावर टाकले, वर गावसकर आडनाव आहेच. तो मुंबई सोडून बंगालकडून रणजी खेळला, इंडियासाठी ११ वनडे खेळला आणि लोक अजून म्हणतात की बापासारखं नाही जमलं. गावसकर मूळचे आमच्या वेंगुर्ल्याचे म्हणून मला हे जरा जास्तच लागतं असेल. पण माझी गोष्ट छोटी आहे. माझ्या बाबांची प्रसिद्धी कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, खाली गोव्यात पेडणे, एवढ्यात. एसटीने राजापूर ओलांडलं की संपली. पण तेवढ्या पट्ट्यात जी होती ती अशी होती की कुठल्याही गावात कुठल्याही घरी पाणी मागा, आधी गूळ यायचा आणि मग प्रश्न, "गो, तू दमयंतीचा चेडू मा?" चेडू म्हणजे मुलगी.

ज्यांना दशावतार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात त्या थेट मे महिन्यापर्यंत, आणि जत्रा म्हटली की रात्री नाटक हवंच. गावात त्याला दहीकालो म्हणतात कारण पहाटे शेवटी दहीहंडी फुटते. आधी गणपती येतो, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी, मग वेद चोरणारा संकासुर, काळे कपडे, मालवणीत बोलणारा, पोरं त्याला घाबरतातही आणि त्याच्यासाठीच जागी राहतात. ते झालं की मुख्य आख्यान, पुराणातलं नाहीतर रामायण-महाभारतातलं. स्टेजवर सामान काय तर एक लाकडी बाकडा. तोच सिंहासन, तोच डोंगर, वनवासात तोच झाडाखालचा दगड. पेटी, पखवाज, झांज. आणि लिहिलेलं स्क्रिप्ट नाही, हे लोकांना सांगितलं की खोटं वाटतं. आज कुठलं आख्यान ते बरेचदा तिथे पोचल्यावर ठरायचं, तोंडाला रंग लावता लावता कोण काय करणार ते बोलून घ्यायचं आणि पुढची चार तास डायलॉग तिथल्या तिथे. बाबा सातवी नापास. पण राणी म्हणून उभे राहिले की असं शुद्ध मराठी बोलायचे की आमचे मराठीचे सर जत्रेत पहिल्या रांगेत बसून मान डोलवायचे.

आणि बायकांची कामं पुरुषच करणार. त्यात माझे बाबा.

आता हे सरळच लिहिते, आमच्या पट्ट्यातली सगळ्यात देखणी बाई म्हणजे माझे बाबा. यात मुलीचं कौतुक वगैरे काही नाही, सगळे म्हणायचे. नाक-डोळे कोरल्यासारखे, मान लांब, आणि पदर सावरायची एक पद्धत, डाव्या हाताने, न बघता. बायका जत्रेला साडी बघायला यायच्या. दमयंतीने या वर्षी कुठला रंग नेसलाय, काठ केवढे, आंबाडा कसा घातलाय. सकाळी विहिरीवर त्याचीच चर्चा. बाबांच्या ट्रंकेत साड्या होत्या तेवढ्या आमच्या वाडीत कुणाकडेच नसतील. काही त्यांनी घेतलेल्या, बऱ्याच बायकांनी दिलेल्या. नवस फेडल्यासारख्या आणून द्यायच्या, ही आमच्या गावच्या जत्रेक नेसा हां.

आईकडे चार होत्या. लग्नाकार्याला आई बाबांच्या ट्रंकेतली एखादी काढायची आणि मग जे व्हायचं ते ठरलेलं. हळदीकुंकवाला एखादी म्हातारी काठ हातात घेऊन मोठ्याने विचारणार, "गो, ही साडी गेल्या जत्रेक तारामतीन नेसलली मा?" आई हसून हो म्हणायची. एकदाच मी बघितलं की घरी आल्यावर ती साडी तिने घडी न घालता ट्रंकेवर फेकली.

आईचं काम कुणाला माहीतच नव्हतं खरं तर. नल-दमयंतीत नळ राजा झोपलेल्या दमयंतीचं अर्धं वस्त्र कापून घेतो आणि तिला जंगलात टाकून निघून जातो, तो प्रवेश बाबांचा सगळ्यात गाजलेला. त्यासाठी एक साडी होती, मधोमध कापलेली, तिला आई कच्चा टाका घालायची, असा की लांबून शिवण दिसू नये पण ओढली की एका झटक्यात उसवली पाहिजे. टाका जास्त घट्ट झाला तर नळाची फजिती, सैल झाला तर राणी बसल्या बसल्या दुभंगणार. आख्यान कुठलं लागेल माहीत नसायचं म्हणून ती साडी कायम तयार. कितीतरी दुपारी मी आईला खळ्यात बसून तोच टाका घालताना बघितलंय. हजारो लोक ज्या क्षणाला रडायचे तो क्षण आईने दुपारी अडीच वाजता डाळ शिजत घालून शिवलेला असायचा.

आणि त्याच वेळी आतल्या खोलीत बाबा झोपलेले. आमचं घर नोव्हेंबर ते मे दिवसा कुजबुजायचं. पहाटे कार्यक्रम संपला की बाबा मिळेल त्या गाडीने यायचे, कानाच्या पाळीमागे सफेदा राहिलेला, डोळ्यात काजळ, आंघोळ करून झोपायचे ते चार-साडेचारपर्यंत. मी शाळेतून यायची तेव्हा ते झोपलेले, मी अभ्यासाला बसायची तेव्हा ते पिशवी घेऊन निघालेले. मोठ्याने बोललं की आई ओठांवर बोट. "वगी ऱ्हव, बाबा निजलेत." आमच्याकडे दशावतारी माणसाबद्दल म्हण आहे, रातीचो राजा, सकाळी डोक्यार बोजा, कारण पूर्वी ही मंडळी पेटारे डोक्यावर घेऊन चालत पुढच्या गावाला जायची. बाबांच्या वेळी टेम्पो आला होता. पण नाईटचे पैसे सांगितले तर तुम्ही हसाल, म्हणून सांगत नाही. पावसाळ्यात बाबा शेतकरी. गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरलं, नांगरामागे, आणि त्या सगळ्यात त्या बारीक कोरलेल्या भुवया. त्या काही सहा महिन्यांत पूर्ववत व्हायच्या नाहीत.

माझ्या भुवया दाट आहेत. रंग सावळा, नाक बसकं, आईवर गेलेय. हे मला आरशाने नाही, लोकांनी सांगितलं, आणि फार लवकर. "बापाशीचा रूप काय नाय इला हो चेडवाक." समोरच बोलायचे, मी तिथे उभी असताना, हळहळून. मुलींची तुलना आईशी होते, बहिणीशी होते, मावशीशी होते. माझी बापाशी व्हायची, आणि तीही बाई म्हणून. सातवी-आठवीत असताना मी ट्रंक उघडून त्यांची एक साडी नेसून बघितली होती, गुपचूप, आरशात. लगेच सोडली. ती साडी सुद्धा मला ओळखत नव्हती.

कंपासपेटीचं राहिलं. चौथीत एका पोराने डोक्यावर टॉवेल घेऊन, कंबर हलवत, वर्गाभर फिरून माझ्या बाबांची नक्कल केली. मी कंपासपेटी फेकून मारली, कपाळाला खोक पडली, पेटी चेपली ती कायमची. बाबांना शाळेत बोलावलं. मला वाटलं आता दोघांनाही ओरडा. सर बाबांना म्हणाले, बसा बसा, चहा घेणार? मग पंधरा मिनिटं पुढच्या जत्रा कुठे कुठे आहेत यावर गप्पा. शेवटी निघताना मला म्हणाले, असं मारू नये. एवढंच. त्यानंतर शाळेत माझं वजन वाढलं पण ते माझं नव्हतं ना. गॅदरिंगला तर बाईंनी बाबांनाच बोलावलं, आणि त्यांनी वर्गातल्या सात मुलींना नऊवारी नेसवली, निऱ्या अशा की दिवसभर उड्या मारल्या तरी सुटल्या नाहीत. माझी सगळ्यात शेवटी नेसवली. वेळ कमी होता, बाहेरून हाका येत होत्या. पण पदर लावताना त्यांनी माझी हनुवटी वर केली आणि म्हणाले, "मान वर ठेव गो. रूप मानेत आसता." मी अजून कॅमेऱ्यासमोर मान वर करते, नवरा म्हणतो भांडायला उभी राहिल्यासारखी दिसतेस.

जत्रेत दारू पिऊन आलेले असायचेच. एकदा तारामती स्मशानात उभी, रोहिदासाचं प्रेत मांडीवर, सगळं गाव गप्प, आणि मागून एकजण ओरडला की राणी गो, माझ्यावांगडा येतंस? मी बायकांत बसले होते, माझे कान गरम झाले. बाबांनी सूर सुद्धा बदलला नाही. त्याच रडक्या आवाजात म्हणाले, "नाथा, तुमचं राज्य गेलं तेव्हा माणसं दूर झाली, आता कोल्हेही नाव घेऊन हाक मारू लागले." लोक हसले, मग टाळ्या, आणि पुढच्या वाक्याला परत डोळे पुसायला लागले. मी त्या रात्री पहिल्यांदा त्यांच्याकडे बाबा म्हणून नाही बघितलं. हा माणूस काय आहे असं वाटलं.

आता जे लिहायला बसलेय ते. बालगंधर्वांची ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते, १९११, मानापमानाचा पहिला प्रयोग, त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली आणि तरी ते रंग लावून उभे राहिले. नाटकवाले ही गोष्ट डोळ्यात पाणी आणून सांगतात, केवढी निष्ठा. असेल. मला ती ऐकली की त्या संध्याकाळचं घर दिसतं, आणि घरात राहिलेली बाई.

आमच्याकडे उलटं झालं. मी नऊ वर्षांची असताना फेब्रुवारीत आजी गेली, बाबांची आई. भर सीझन. पण दशावतार देवळात, पेटाऱ्यात गणपती, त्याची पूजा, आणि सुतक असलेल्या माणसाला देवळाची पायरी सुद्धा चालत नाही. म्हणजे इच्छा असती तरी जाता आलं नसतं. बाबा तेरा दिवस घरी. रात्री घरी! मी दहा-अकरा वाजेपर्यंत त्यांच्या बाजूला अंथरुणात, ते गोष्टी सांगताहेत, सकाळी उठले तर तेही उठलेले, पेज जेवायला एकत्र. त्यांची दाढी वाढली. मी त्यांना दाढीत कधी बघितलंच नव्हतं, हात लावून बघायची, खरखरीत. मला त्या तेरा दिवसांत इतकं छान वाटत होतं की मला कळत होतं हे चूक आहे. आजी मला आवडायची, माझे केस तीच विंचरायची, तरी रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार हा की आज पण बाबा आहेत.

भेटायला लोक यायचे. रीतीप्रमाणे आजीबद्दल चार शब्द, मग पाच मिनिटांत गाडी तिकडेच. काल अमक्या गावात तुमच्या जागी तमका उभा राहिला, "पण तुमची सर नाय हो त्याका." बाबा मान खाली घालून ऐकायचे. एकजण तर बाबांच्या दाढीकडे एकटक बघत राहिला आणि म्हणाला, दहाव्याक काढतालात मा? आईच्या मरणाची दाढी, आणि याला राणीची काळजी. मला राग आला होता तेव्हा. आता वाटतं त्यालाही काही तरी हरवल्यासारखं झालं असेल.

आठवी-नववी रात्र असेल. मला जाग आली तर बाजूला बाबा नाहीत. खाडीपलीकडच्या गावात जत्रा होती, वारा इकडचा असला की पखवाज ऐकू यायचा, मध्येच पेटी. खिडकीतून बघितलं तर बाबा खळ्यात उभे. कमरेला पंचा, उघडे, गालावर आठवड्याची दाढी. आणि डावा हात खांद्यापाशी, पदर धरलेला. पदर नव्हताच. ओठ हलत होते. पलीकडचा पखवाज थांबला की हे थांबायचे, सुरू झाला की पुढचं वाक्य. मी हाक मारली नाही. का कोण जाणे, चोरून काहीतरी बघतेय असं वाटलं आणि परत येऊन पांघरूण डोक्यावरून घेतलं.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी पिशवी घेऊन निघाले. गुळगुळीत दाढी, डोक्याचं मुंडण, त्यावर टोप बसणारच होता. मी खूप रडले. आईला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना वाटलं आजीसाठी रडतेय. मी तसंच वाटू दिलं.

एक गोष्ट मी बाबांना कधीतरी विचारली होती, बारावीत वगैरे. आमच्याकडे ही कला बापाकडून मुलाकडे जाते. नेरूरचं कलिंगण घराणं घ्या, बाबी कलिंगण, मग सुधीर कलिंगण ज्यांना लोक लोकराजा म्हणायचे, २०२२ मध्ये ते गेले तर अख्खा जिल्हा हळहळला, आता त्यांचा सिद्धेश. लोक मायेने तुलना करतात, पण उभं राहायला जागा देतात. मला कुणी विचारलंच नाही. मला डायलॉग पाठ होते, म्हणजे पाठ असण्यासारखं काही नसतंच पण मला सुचायचे, भांडी घासताना मी अख्खी दमयंती करायची. तर बाबांना म्हटलं, मी आले तर? ते हसले. "बायलमाणसांनी रात रात भायर कशा ऱ्हवतला?" मी म्हटलं, पण पार्ट तर बायकांचेच आहेत. यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, ज्या माणसाकडे चार तास कुठल्याही वाक्याला उत्तर असायचं. आता जिल्ह्यात बायकांचे दशावतार ग्रुप आहेत, पुरुषांची कामं सुद्धा बायका करतात, युट्यूबवर बघते मी. रावण झालेली एक बाई बघितली तेव्हा फोन बाजूला ठेवून थोडा वेळ बसून राहिले.

बाबांनी काम थांबवून काही वर्षं झाली, गुडघे गेले. चार तास उभं राहायचं, वनवासात जमिनीवर लोळायचं, युद्धात गिरक्या. आई गेली त्यानंतर मी त्यांना पुण्याला आणलं. इथे त्यांना कुणी ओळखत नाही, आणि गंमत म्हणजे तिकडेही चेहऱ्याने कमीच ओळखायचे. रंग उतरवलेला बाबांचा चेहरा साधा आहे हो, बाजारात कुणी वळून बघणार नाही. ओळख आवाजाची. मागच्या महिन्यात दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत होतो, बाबा फोनवर गावाला बोलत होते, तर समोरच्या बाकावरची एक आजी, डोळ्याला ऑपरेशनची पट्टी, एकदम म्हणाली, "दमयंती?" बाबांनी फोन ठेवला. मी विचार करत होते आता काय बोलतील. ते उठले, गुडघे धरत तिच्याजवळ गेले, खाली वाकले आणि राणीच्या आवाजात म्हणाले, "कोण ते? या निबिड अरण्यात मला नावाने हाक मारणारं कोण?" अख्खा वेटिंग हॉल बघायला लागला. ती आजी रडायला लागली. रिसेप्शनवरच्या मुलीने हळू बोला म्हणून सांगितलं.

ट्रंक माझ्याकडे आहे. साड्या बऱ्याच विरल्या, वाटून टाकल्या. ती मधोमध कापलेली ठेवलीय, तिच्यात आईचा शेवटचा टाका तसाच आहे, बाबांनी तिच्यानंतर दुसऱ्या कुणाला घालू दिला नाही आणि उसवलाही नाही.

मी यूएस शिफ्टला काम करते, म्हणजे रात्रभर जागी. बाबांची झोप अजून उलटीच, चाळीस वर्षांची सवय. दोनच्या सुमारास मी चहा टाकते, दोन कप. ते हॉलमध्ये अंधारात बसलेले असतात. घड्याळ बघत नाहीत, पण वेळ त्यांना बरोबर माहीत असते. आता संकासुर गेलो. आता राजा-राणी इली. अडीच वाजले की म्हणतात, आता वनवास. काल माझी मीटिंग फार लांबली, कोणाचा तरी सर्व्हर पडला होता, मी वैतागून लॅपटॉप बंद केला तेव्हा बाहेर पक्षी ओरडायला लागले होते. बाबा खुर्चीतून उठत म्हणाले, "चल गो बाय, हंडी फुटली."